बाहेर मास्टर्स करायचंय? आधी एवढं बघ

तू विचारलंस म्हणून सांगतो: फायनल इयर मेकॅनिकल, ऐरोलीत घर, आणि इंजिनिअरिंग प्लस बिझनेस दोन्ही हवंय, मस्त! फक्त एमबीएच्या मागे आत्ताच धावू नकोस, बाहेरच्या चांगल्या एमबीएला येणारी पोरं बहुतेक तीन-चार वर्षं नोकरी करून आलेली असतात. फ्रेशरसाठी इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा मास्टर्स बरा, अमेरिकेत ड्यूक, डार्टमथ युनिव्हर्सिटीला आहे तसा.

नवीन लोक हमखास चुकतात ते हे:

- रँकिंग बघून यादी करतात. विषय उघडून वाच ना, फायनान्स, सप्लाय चेन खरंच शिकवतात की नुसतं नाव मोठं.
- अमेरिकेत कोर्स स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सच्या यादीत) बसतो का ते बघतच नाहीत. बसला तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी) अजून २४ महिने मिळू शकतात, नाहीतर वर्षभरातच सगळी धावपळ, आणि डोक्यावर लोन असताना हा फरक लय मोठा आहे.
- जर्मनीत फी नाही म्हणजे फुकट असं धरतात. सगळीकडे फी माफ नाहीये, शिवाय एपीएस सर्टिफिकेट (तुझी डिग्री-मार्कशीट तपासून देतात ते) लागतं आणि वर्षभराचा खर्च सहसा आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (जिथून दर महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते) टाकावा लागतो.

आणि ठाणे स्टेशनजवळचे फ्री कन्सल्टंट? त्यातल्या बऱ्याच जणांना कॉलेजकडून कमिशन असतं, त्यामुळे ते कुठली कॉलेजं सुचवणार ते कळलंच असेल.

जमलं तर महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीत वर्ष-दोन वर्षं काम कर, शक्यतो परचेस किंवा प्लॅनिंगला, कॉस्टिंग तिथेच कळतं. एसओपीचं (अर्जासोबतचा 'हा कोर्स का करायचाय' हा निबंध) नंतर बघू, आधी सीजीपीए आणि बजेट सांग.