फॅमिली बायबलमधली लग्नाची तारीख आधी तपास

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

सासरच्या घरात सापडलेल्या फॅमिली बायबलवरून यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमधल्या बॅप्टिस्ट (म्हणजे समजत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) विणकरांची कादंबरी लिहायचा बेत चांगला आहे. फक्त त्या बायबलातल्या नोंदी खऱ्या धरून पहिलं प्रकरण सुरू करू नकोस.

जन्म, लग्न, मृत्यू बहुधा जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या पानांवर लिहीत. आधी शीर्षकपानावरचं छपाईचं साल बघ. बायबल 1862 चं आणि पहिली नोंद 1834 ची असेल, तर ती नोंद मागाहून आठवून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असतील तर कुणीतरी एका बैठकीत घराण्याचा इतिहास नीटनेटका करून ठेवलाय. असं करताना बहुतेकदा बदलतं ते लग्नाचं साल, कारण पहिलं मूल नऊ महिन्यांच्या आत जन्मलेलं असतं. हे लपवणं वाईट मानून सोडून देऊ नकोस. धार्मिक घराला कशाची लाज वाटत होती, हे तिथेच कळतं.

पडताळायला सरकारी दाखले आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूंची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. ती सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत जन्मनोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. सूची तिमाहीनुसार असते, आणि तिमाही नोंदणीची धरतात, जन्माची नाही. त्यामुळे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत शोध. नोंदणीला 42 दिवसांची मुदत होती. उशीर झाला की फी भरावी लागे, म्हणून काही पालक जन्मतारीख सरळ पुढे ढकलत. मंडळीच्या (म्हणजे स्थानिक बॅप्टिस्ट सभासदांच्या) वहीतली जन्मतारीख दाखल्याच्या आधीची निघाली तर वही चुकली असं लगेच समजू नकोस. आणि दाखल्यावर जन्माची वेळ दिसली तर जुळं भावंड शोध. इंग्लंडमध्ये वेळ सहसा तेव्हाच लिहीत.

बाप्तिस्म्याच्या नोंदी मात्र शोधत बसू नकोस. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत, त्यामुळे गावच्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत) चर्चच्या बाप्तिस्मा-रजिस्टरात ही मुलं बहुधा सापडणार नाहीत. त्यांच्या चॅपलांनी (उपासनागृहांनी) ठेवलेल्या 1837 पूर्वीच्या जन्मनोंदींपैकी बऱ्याचशा सरकारने गोळा केल्या. त्या आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

जनगणनेत 1841 आणि 1851 यांत मोठा फरक आहे. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणत, म्हणजे 34 चा माणूस 30 चा दिसतो. शिवाय नातं लिहिलेलं नाही. 1851 मध्ये नातं आणि जन्मगाव दोन्ही आहेत. तिथे 48 वर्षांच्या बाईपुढे एक वर्षाचा ‘मुलगा’ आणि त्याच घरात 19 वर्षांची अविवाहित मुलगी दिसली तर जन्मदाखला मागव. तो बहुधा नातू असतो. दाखल्यात वडिलांचा रकाना कोरा असेल तर बाळाच्या मधल्या नावाकडे बघ. ते आडनावासारखं वाटलं तर बापाचा माग तिथूनही लागू शकतो.

एक रविवार तर तुला जवळजवळ तयार मिळतो: 30 मार्च 1851. ती जनगणनेची रात्र, आणि त्याच दिवशी इंग्लंड-वेल्सभर उपासनेला किती माणसं आली हेही मोजलं गेलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ वेगवेगळं. बऱ्याच चॅपलांनी त्या मोजणीसाठी भरलेले तक्ते क्यूला टिकून आहेत. तो मदरिंग संडे होता, म्हणजे चाकरीला गेलेल्या मुली आईकडे येण्याचा दिवस. मोठ्या प्रकरणासाठी हाच दिवस घे असं मी म्हणेन.

पुष्कळ लेखक अडखळतात ते कायद्यांत. 1860 मधलं लग्न दुपारी तीनला लावू नकोस. 1886 पर्यंत लग्न सकाळी 8 ते 12 च्या दरम्यानच लावावं लागे. चॅपलमधल्या लग्नाला सरकारी रजिस्ट्रार हजर लागे. ती अट 1898 च्या कायद्याने सैल केली. मेलेल्या बायकोच्या बहिणीशी 1835 नंतर केलेलं लग्न मुळातच रद्दबातल होतं, आणि 1907 पर्यंत तसंच राहिलं. पोरक्या भाच्यांना सांभाळायला आलेल्या मावशीचं काय होई, याचा विचार कर. काही जोडपी ओळख नसलेल्या गावी जाऊन लग्न लावत, आणि जनगणनेत ती मावशी बिनदिक्कत ‘पत्नी’ म्हणून येते.

त्याहून जड प्रश्न दफनाचा. गावात चर्चच्या आवाराशिवाय दफनभूमी नसेल आणि बॅप्टिस्ट घरातलं बाळ मेलं, तर अँग्लिकन प्रार्थनाग्रंथानुसार बाप्तिस्मा न झालेल्यावर दफनविधी वाचता येत नसे. त्यांच्या स्वतःच्या पाळकालाही त्या आवारात विधी करता येत नसे. ही मुभा 1880 च्या कायद्याने आली. त्या आईबापांना श्रद्धेची किंमत इथे मोजावी लागते. हा प्रसंग लिहिलास तर वेगळं प्रवचन घालायची गरज नाही. बहुतेक ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्या पात्रांच्या तोंडी वचनं घालून फसतात.

शेवटी चॅपलच्या सभांची इतिवृत्तं. स्थानिक अभिलेखागारात विचार. टिकली असतील तर त्यांच्याइतकं काही उपयोगाचं नाही. दारू, दिवाळखोरी, लग्नाआधीचं गरोदरपण, उपासनेची सततची गैरहजेरी, सगळं त्यांत येतं. क्रम साधारण ठरलेला: तक्रार, दोन सभासद घरी जाऊन भेटतात, पुढच्या सभेत अहवाल, मग समज किंवा मंडळीतून वगळणं, आणि पश्चात्ताप दिसला तर पुन्हा स्वीकार. भेटीला गेलेल्या त्या दोघांची नावं लिहून घे आणि जनगणनेत त्यांचं घर शोध. पुष्कळदा ते शेजारीच निघतात, त्याच गिरणीत काम करणारे. वगळलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या मागावर उभी असते, आणि तिचं नाव पुन्हा वहीत येईपर्यंत कधी महिने जातात, कधी वर्षं.

तुझा शुभचिंतक