चेनसॉखाली तेलाचं तळं

चेनच्या तेलाच्या गळतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत. कुठलंही काम करण्याआधी इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची कॅप काढा आणि चेनला हात लावताना हातमोजे घाला. पुढे दर वेळी हे सांगणार नाही.

प्रश्न : पेट्रोलवरचा चेनसॉ संध्याकाळी पुसून फळीवर ठेवतो. सकाळी खाली तेल साचलेलं असतं. टाकी भरून ठेवली तर दोन दिवसांत निम्मी होते. दुकानात सांगतात, "सगळेच चेनसॉ गळतात." हे खरं मानायचं का?

उत्तर : निम्मंच खरं. चेनचं तेल इंजिनाच्या तेलासारखं फिरून परत येत नाही. पंप ते बारवर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर, सोडतो आणि तिथून ते भुशाबरोबर उडून जातं. मशीन बंद केल्यावर बारची खाच, चेनच्या कड्या आणि कव्हरखालचा ओला भुसा यांत तेल उरतं आणि रात्रभरात ओघळतं. तळहाताएवढा डाग पडला तर मशीनला नावं ठेवू नका.

दुसरं कारण दाबाचं. टाकीत हवा शिरावी म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच मशीनमध्ये तो हवा आत घेतो, पण बाहेर काहीच जाऊ देत नाही. मशीन उन्हात राहिलं आणि टाकी 20 अंशांवरून 50 अंशांपर्यंत तापली, तर आतली हवा साधारण एक-दशांशाने फुगते. टाकी 250 मिलीची आणि तिच्यात 150 मिली हवा असेल, तर 15 मिली, म्हणजे मोठा चमचाभर तेल पंपाच्या वाटेने बाहेर ढकललं जातं. गंमत म्हणजे टाकी जितकी रिकामी, तितकं हे जास्त. उपाय फुकटचा आहे: काम संपल्यावर मशीन निवलं की झाकणाभोवतीचा भुसा पुसा, झाकण सैल करून दाब सोडा आणि पुन्हा नीट बसवा.

तुमचं तेल मात्र चमच्यांच्या हिशोबात बसत नाही, तेव्हा खरी गळती शोधायला हवी. कव्हर, बार आणि चेन काढा. ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन सगळा भाग धुवा आणि पूर्ण वाळू द्या. तेलकट मशीनवर गळतीची जागा कधीच सापडत नाही. टाकीत तेल झाकणाच्या पातळीखाली राहील इतकंच ठेवा. मशीन कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा, त्याची बाह्यरेषा पेन्सिलीने आखा आणि पुढची बाजू खूण करून ठेवा. पहिल्या रात्री झाकण घट्ट, दुसऱ्या रात्री त्याच जागी झाकण सैल. फक्त पहिल्या रात्री गळलं तर दोष दाबाचा. दोन्ही रात्री गळलं तर तेल स्वतःच्या वजनाने कुठून तरी उतरतंय आणि पुठ्ठ्यावरचा डाग जवळपासची जागा दाखवतो.

डाग क्लचखाली (इंजिनाचा जोर चेनला देणाऱ्या भागाखाली) असेल तर पहिला संशय टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीवर घ्या. ती टाकीच्या भोकात जिथे दाबून बसते तिथे वयाने कडक होते आणि चिरते. नळी बोटांनी वाकवून पाहा: निरोगी रबर लगेच सरळ होतं, चिरलेलं रबर केसाएवढी फट दाखवतं. त्यानंतर पंप आणि बॉडी यांच्यामधलं गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) किंवा ओ-रिंग (रबरी कडी) पाहा. डाग मधोमध किंवा मागे असेल तर टाकीचा सांधा पाहा. टाकीला तडा गेला असेल तर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. मशीनच्या थरथरीपुढे ते ठिगळ फारसं टिकत नाही. डाग झाकणाखाली असेल तर ओ-रिंग बदला. पण बदलण्याआधी आटे पुसून पाहा, कारण भुशाचा एक कण पुरेसा असतो.

प्रश्न : कापताना मशीनच्या पोटाखालून तेल टपटपतं, पण चेन कोरडी राहते. बारची कड निळी पडू लागली आहे. नवीन पंप टाकला, तरी तेच.

उत्तर : पंपाचे पैसे वाया गेले असं दिसतंय. पंप तेल देतोय, म्हणून तर ते खाली पडतंय. ते बारमध्ये शिरत नाही, एवढंच.

बार काढा. त्याच्या शेपटीकडे, बोल्टच्या लांब खाचेच्या वर-खाली छोटी भोकं दिसतील; तेल तिथून बारच्या खाचेत जातं. हे भोक भुसा आणि तेलाच्या लगद्याने बुजलं असेल तर तेल मागे फिरून बार आणि बॉडीच्या फटीतून बाहेर येतं. बारीक तारेने भोक मोकळं करा. पातळ पट्टी घेऊन खाच टोकापासून शेपटीपर्यंत खरवडा. निघणारा काळा लगदा पाहून आश्चर्य वाटेल. आता बार उलटा करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

बार स्वच्छ असूनही तेच होत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, बारच्या आतल्या बाजूला येणारा पातळ पत्रा. साफसफाईत तो हरवतो आणि मग तेलाची वाट सीलबंद राहत नाही. दोन, बार त्या मशीनचाच आहे का? बोल्टवर बसतो म्हणजे जुळतो असं नाही. बॉडीवरच्या तेलाच्या खाचेच्या कडेला थोडं ग्रीस लावा, चेन नेहमीइतकी ताणून बार बसवा आणि काढा. बारवर उमटलेल्या ग्रीसच्या ठशाच्या आत भोक यायला हवं. बाहेर पडलं तर तो बार दुसऱ्या मशीनचा.

जुळणी झाली की चाचणी घ्या. बारचं टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यापासून 20 सेंटिमीटरवर धरा आणि तीन-चतुर्थांश रेसवर मिनिटभर चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. निळी पडलेली कड मात्र सुधारणार नाही. तिथलं पोलाद तापून मऊ झालेलं असतं. तो बार लवकरच बदलावा लागेल.

प्रश्न : पंप काढायचा आहे, पण त्याच्यावरचा क्लच सुटत नाही. पान्याला पाइप लावून जोर केला तरी हलला नाही.

उत्तर : जोर थांबवा. क्लचचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. बऱ्याच क्लचवर सुटण्याच्या दिशेचा बाणही कोरलेला असतो. आधी प्लग काढून पिस्टन अडवा. पिस्टन वर येताना एक्झॉस्टची खिडकी झाकली गेली की जाड सुती दोरी प्लगच्या भोकातून आत सरकवा आणि टोक बाहेर ठेवा. खिडकी उघडी असताना दोरी घातली तर ती त्यात अडकून चेपते. स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन अडवणं म्हणजे पिस्टनला भोक पाडण्याची तयारी.

क्लच, ड्रम, नीडल बेअरिंग आणि वर्म गिअर (पंप फिरवणारं दातेरी चाक) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. जुनं गॅस्केट लाकडाच्या पट्टीने खरवडा, कारण धातूवरचा ओरखडा म्हणजे नवी गळती. बसवण्याआधी पंपात थोडं तेल सोडा. काही मशीनमध्ये वर्म गिअरला तारेचा हात असतो. तो ड्रमच्या खाचेत बसला नाही तर पंप फिरतच नाही. ड्रम फिरवून तारेचा हात खाचेत पडल्याची खात्री करा, मगच क्लच आवळा.

प्रश्न : गळती थांबावी म्हणून जाड तेल घातलं तर? गाडीतून काढलेलं जुनं तेल चालेल का?

उत्तर : दोन्ही नको. जाड तेलाने गळती मंदावते, पण चेनही उपाशी राहते. जुन्या इंजिन तेलात धातूचे बारीक कण असतात, ते पंप झिजवतात आणि ती घाण तुमच्या कातडीवर आणि श्वासात उडते. चेनचं तेल मिळेपर्यंत अडचणीला एसएई 30 जाडीचं नवं इंजिन तेल चालतं, कडाक्याच्या थंडीत त्याहून पातळ एसएई 10. खाण्याच्या तेलावरही चेन चालते, पण मशीन महिनाभर पडून राहिलं की ते चिकट होऊन पंप अडवतं.

प्रश्न : क्लचभोवती काळपट ओल दिसते, पण चेनच्या तेलाची टाकी उतरत नाही. आयडलिंगला (रेस न देता चालू ठेवल्यावर) इंजिनाचा वेग आपोआप वरखाली होतो.

उत्तर : ती ओल दोन बोटांत घेऊन चोळा. चेनचं तेल बोटं लांब करताना तार धरतं. तुमच्याकडे ती पातळ आणि पेट्रोलच्या वासाची निघेल असा अंदाज आहे. तसं असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (इंजिनाच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) गेलंय. तिथून पेट्रोल-तेलाचं मिश्रण बाहेर येतं आणि हवा आत ओढली जाते. हवा जास्त आणि इंधन कमी पडल्यामुळे पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून आवाज ठीक करत बसू नका. सील बदलेपर्यंत मशीन चालवू नका.