वाचक विचारतात : ऑनलाइन मोहिमेतून लोकप्रतिनिधींना पत्रे

प्रश्न : आमच्या भागातील रस्तारुंदीकरणासाठी काही जुनी झाडे तोडण्याचा प्रस्ताव असून तशी नोटीस झाडांवर लावण्यात आली आहे. सोसायटीतील तरुण मंडळींनी एक मोहीम-पान तयार केले आहे. तेथे आपले नाव लिहून बटण दाबले की तयार मजकुराचा ई-मेल आयुक्त, नगरसेवक आणि आमदार या सर्वांना एकदम जातो. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, एकसारखी शेकडो पत्रे कोणीही वाचत नाही. कोणाचे बरोबर? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी नोटिशीवरची तारीख पाहा. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार हरकत नोंदवण्यास अवघे सात दिवस मिळतात. या मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडे नाव, पत्ता आणि सहीनिशी दिलेली लेखी हरकत ही कायद्याच्या प्रक्रियेचा भाग ठरते. आमदारांना पाठवलेला ई-मेल, त्याच्या प्रती कितीही असल्या तरी, तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून निदान काही रहिवाशांनी स्वतः महापालिकेत जाऊन अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. हे काम आजच करावे, मोहीम त्याच्या जोडीने चालू द्यावी.

आता तयार मजकुराविषयी. आपल्या देशात याचे दोन बोलके दाखले एकाच वर्षात घडले. मार्च 2015 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेट सेवांच्या नियमनाविषयी वीस प्रश्नांची सल्लामसलत पत्रिका काढली, तेव्हा स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ या संकेतस्थळावर त्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवली आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. डिसेंबरमध्ये, इंटरनेटवरील निरनिराळ्या सेवांना वेगवेगळे दर लावण्याविषयी दुसरी पत्रिका निघाली. या वेळी फेसबुकने, काही ठरावीक संकेतस्थळे मोफत दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या पाठिंब्यासाठी आपल्या वापरकर्त्यांकडून लाखो ठरावीक संदेश पाठवले. पत्रिकेत प्रश्न चार होते आणि त्या संदेशांमध्ये त्यांची उत्तरेच नव्हती, ही बाब ट्रायने स्पष्टपणे निदर्शनास आणली. 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घालणारा नियम जारी झाला. दोन्ही वेळी मजकूर तयारच होता. फरक एवढाच, की पहिला विचारलेल्या प्रश्नाला धरून होता आणि दुसरा नव्हता.

तेव्हा तरुणांनी तयार केलेले पान बंद करण्याचे कारण नाही, मात्र त्याची रचना बदलावी. नोटिशीचा क्रमांक व दिनांक, रस्त्याचे नाव, झाडांची संख्या आणि नेमकी मागणी हा भाग सर्वांसाठी समान ठेवावा, कारण तो प्रत्येकाने नव्याने लिहिण्यात चुकाच होतील. त्याखाली एक मोकळी चौकट द्यावी आणि ती भरल्याशिवाय पत्र पुढे जाऊ नये. बसथांब्यावरची सावली कोणत्या झाडाची आहे, रस्ता खरोखर कोठे अडतो, पदपथ कोठे अरुंद आहे, एखादे झाड राखून रस्ता वळवता येईल का, हे तेथे रोज चालणाऱ्या माणसालाच सांगता येते आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला तेच उपयोगी पडते. ज्येष्ठ सभासदांना ही चौकट भरण्याची विनंती आवर्जून करा. चाळीस वर्षांपूर्वीचा रस्ता त्यांच्याइतका कोणाला आठवणार? पत्रे कमी झाली तरी चालेल, आपल्या शब्दांत लिहिलेली दोनशे पत्रे मला छापील साच्यातल्या दोन हजार पत्रांपेक्षा मोलाची वाटतात.

प्रश्न : मी धायरीत राहते. एका मोहिमेच्या पानावर पिनकोड टाकल्यावर माझे पत्र पुण्याच्या खासदारांच्या नावे तयार झाले. ते बरोबर आहे का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : नाही. आपला भाग खडकवासला विधानसभा मतदारसंघात येतो आणि तो मतदारसंघ बारामती लोकसभेत मोडतो. हडपसरच्या रहिवाशांचीही अशीच गल्लत होते, कारण हडपसर विधानसभा मतदारसंघ शिरूर लोकसभेत आहे. पिनकोड टपालवाटपासाठी आखलेले असतात, त्यांच्या सीमा मतदारसंघांच्या सीमांशी जुळत नाहीत. मतदार ओळखपत्राचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून आपला मतदारसंघ तपासावा आणि पत्रात त्याचा उल्लेख करावा, म्हणजे आपण त्यांच्याच मतदार आहात हे कार्यालयाला लगेच कळते.

प्रश्न : आमच्या पानावरचे मराठी पत्र मोबाइलवर निम्मेच उमटते, इंग्रजी मात्र पूर्ण येते. मग इंग्रजीतच लिहावे का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : मुळीच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. अडचण तांत्रिक आहे. आपले पान बहुधा संपूर्ण मजकूर दुव्यातच भरून तो ई-मेलच्या अॅपकडे सोपवत असावे. अशा दुव्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ चिन्हांनी लिहिले जाते, त्यात काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र मोजल्या जातात, त्यामुळे मराठी मजकूर लांबीची मर्यादा लवकर ओलांडतो. दुव्यात फक्त पत्ता आणि विषय ठेवा आणि पत्राचा मजकूर पानावर कॉपी करण्याच्या बटणासह द्या. पत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या ई-मेल खात्यातून जाऊ द्या. एकाच सर्व्हरवरून एकाच मजकुराचे शेकडो ई-मेल गेले, तर ते स्पॅममध्ये पडण्याची शक्यता फार असते.

प्रश्न : मोहिमेच्या पानावर मोबाइल क्रमांक व पूर्ण पत्ता मागतात. द्यावा का? (एक वाचक, वडगाव शेरी)

उत्तर : पत्ता पत्रात असावा, कारण पत्ता नसलेल्या निनावी हरकतीला कोणी दाद देत नाही. पण तो पत्रात जाणे वेगळे आणि मोहीम चालवणाऱ्याच्या यादीत कायमचा राहणे वेगळे. 2015 मध्ये ट्रायने आलेले अभिप्राय संकेतस्थळावर टाकले, तेव्हा त्यांसोबत लाखो नागरिकांचे ई-मेल पत्तेही उघड झाले, हे विसरू नये. विदासंरक्षणाचा, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या (डेटाच्या) संरक्षणाचा, 2023 चा कायदा, माहिती कोणत्या हेतूसाठी घेतली जात आहे हे सांगून संमती घेण्याच्या तत्त्वावर उभा आहे. हा हेतू पानावर लिहिलेला नसेल, पान कोण चालवते हे दिसत नसेल किंवा निवडणूक तोंडावर असताना केवळ मोबाइल क्रमांकासाठी आग्रह धरला जात असेल, तर पत्राचा मजकूर उतरवून घ्या, त्यात आपले मुद्दे घाला आणि आपल्या ई-मेलवरून ते थेट पाठवा.