नवी डिस्क, नवे पॅड आणि तीन आवाज

प्रश्न : मी वाईत राहते आणि पाचगणीच्या शाळेत शिकवते. रोज पसरणीचा घाट चढायचा, उतरायचा. हॅचबॅक गाडी आठ वर्षांची. महिन्यापूर्वी पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. कंपनीचे महाग पडत होते म्हणून बाजारातले दुसऱ्या ब्रँडचे घातले. तेव्हापासून गाडी वाजते. हळू जाताना ब्रेकवर नुसता पाय ठेवला की ‘चीं’, रिव्हर्स घेऊन पुढे निघालं की पहिल्या ब्रेकला ‘टक्’, आणि ब्रेक न लावताही डाव्या चाकातून ‘सर्र-सर्र’. बसवणारे म्हणतात, ‘लोकल माल आहे, घासला की गप्प होईल.’ सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘सगळं काढा, ओरिजिनल घाला.’ कुणाचं ऐकू?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, दोघांचंही नको. तुम्ही तीन आवाज वेगळे करून लिहिलेत, तिथंच निम्मं काम झालं. आमच्याकडे साताऱ्यात येणारं गिऱ्हाईक ‘ब्रेक वाजतोय’ एवढंच म्हणतं, आणि मग मला शेजारी बसून राउंड मारावा लागतो. तुमच्या तिन्ही आवाजांची कारणं वेगळी आहेत, आणि पार्ट लोकल असण्याशी त्यांचा संबंध कमीच.

आधी ‘सर्र-सर्र’, कारण ते सोपं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, आणि पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवतात. डिस्कच्या मागे चिखल-धूळ अडवणारा पातळ पत्रा असतो. जुनी डिस्क गंजून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटली की ती हातोड्यानं ठोकून काढतात, आणि त्यात हा पत्रा वाकतो. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. दर फेऱ्यात एकाच जागी घासल्याचा आवाज आला तर गुन्हेगार हाच. स्क्रूड्रायव्हरनं जरा मागे ढकलला की झालं. कधी कधी पत्रा आणि डिस्कच्या फटीत खडा अडकलेला असतो. घाटात रस्त्याचं काम चालू असलं की अशा गाड्या हमखास येतात. पत्राही ठीक आणि खडाही नाही, तर डिस्कचा पार्ट नंबर तपासायला सांगा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटला वेगळ्या मापाच्या डिस्क असतात आणि दुकानदार ‘बसते हो’ म्हणून देतो.

‘टक्’ म्हणजे पॅड आपल्या खाचेत सरकतो तो आवाज. पुढे जाताना ब्रेक दाबला की पॅड एका टोकाला टेकतो, रिव्हर्समध्ये दुसऱ्या. दिशा बदलल्यावर एकदा हलकंसं वाजलं तर काळजी नको. मोठ्यानं वाजत असेल तर खाचेतल्या स्टीलच्या क्लिपा पाहायच्या. पॅडच्या खोक्यात त्या बऱ्याचदा नसतात. मग जुन्या, गंजलेल्या, ढिल्या झालेल्याच परत बसवल्या जातात, नाहीतर काढून टाकल्या जातात. नव्या क्लिपांचे पैसे वाचवणाऱ्याचं मला नवल वाटतं, कारण सगळ्या कामात स्वस्त चीज तीच.

आता ‘चीं’. तुम्हाला हे फळ्यावरच्या खडूवरून लगेच कळेल: खडू चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो आणि थरथरून किंचाळतो. पॅड डिस्कवर तेच करतो. म्हणून जोरात ब्रेक दाबला की आवाज जातो आणि हलका पाय ठेवला की येतो. पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त असेल तर तो थोडा जास्त वाजतो हे खरं, पण सगळा दोष मालावर ढकलण्याआधी चाक खोलून हे पाहून घ्या.

पॅडच्या पाठीला थरथर मारणारी पातळ पट्टी, म्हणजे शिम, आहे का? जुन्या पॅडवरची फेकून दिली आणि नव्याला आलीच नाही, असं फार होतं. पॅडच्या पाठीला आणि कानांना, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकांना, ब्रेकचं खास ग्रीस लावलंय का? कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. त्याच्या पिस्टनच्या आणि पिनांच्या रबरापाशी साधं चेसिसचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि कॅलिपर अडकतो. म्हणून तिथं सिलिकॉनचंच हवं. कॅलिपरच्या दोन्ही पिना बोटानं सरकतात का? आतला पॅड जास्त आणि बाहेरचा कमी झिजला असेल तर पीन किंवा पिस्टन जाम आहे असं समजा. आणि पॅडला जी छोटी पत्र्याची जीभ असते, ती पाहा. पॅड संपत आला, दोन-तीन मिलिमीटर उरला, की ती डिस्कला टेकून ओरडते, ते तिचं कामच. पण आतला पॅड बाहेर बसवला किंवा जीभ वाकली, तर नवा कोरा पॅडही ओरडतो.

एक गोष्ट तुमच्या मिस्त्रींना आवर्जून विचारा : नवी डिस्क बसवण्याआधी ब्रेक क्लीनरनं पुसली होती का? गंज धरू नये म्हणून तिच्यावर तेल लावून पाठवतात. ते तसंच राहिलं तर पॅडमध्ये मुरतं. मुरलेलं तेल पॉलिश पेपर मारून जात नाही. असे पॅड बदलावेत, आणि एकाच चाकाचे नव्हे, दोन्हीकडचे जोडीनं.

हे सगळं ठीक असेल तर पॅड नीट ‘बसवायचे’, म्हणजे डिस्कशी घासून जुळवायचे, राहिलेत. सुरूरच्या बाजूचा रस्ता पहाटे मोकळा असेल तेव्हा ताशी पन्नास-साठवरून पंधरापर्यंत मध्यम जोरानं ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट चालवा, पुन्हा मारा. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न वापरता काही मिनिटं चालवून गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा उमटतो. हे घाटात करायचं नाही. पसरणी उतरताना तर दुसरा गिअर टाका, ब्रेकवर कायम पाय नको.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. डिस्क बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला होता का? नसेल तर डिस्क केसभर वाकडी बसते. आज काही कळत नाही. काही हजार किलोमीटरनं ती एका जागी जास्त झिजते आणि घाटात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क तापून वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जाडी असमान झालेली असते. डायल गेज, म्हणजे डगमग मोजायचं काट्याचं माप, लावून बघा. बहुतेक गाड्यांना मिलिमीटरचा दहावा भागही डगमग चालत नाही.

कर्कश घरघर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, आली तर मात्र त्या दिवशी घाट नको. गाडी जिथं आहे तिथंच ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी पहिल्या ब्रेकला ‘खर्र’ होतं, मग बंद. पॅड बदलू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. डिस्क बिडाची असते, रात्रीत तिच्यावर गंजाचा पापुद्रा धरतो आणि पहिल्या तीन-चार ब्रेकला निघून जातो. पावसात गाडी दोन-चार दिवस उभी ठेवणार असाल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या भोवती फिरणाऱ्या ड्रमला चिकटतात. 2019 आणि 2021 च्या पुरात तुमच्याकडे ज्यांच्या गाड्यांची चाकं पाण्यात होती, त्यांना मी ड्रम उघडून गाळ काढायलाच सांगितलं होतं. गाळ असलेला ड्रम खरखरायचा थांबत नाही, आणि लायनरही खातो.

प्रश्न : ब्रेक न लावता वेग वाढला की ‘घुं’ असा आवाज वाढतो.
— एक वाचक, कराड

उत्तर : हा ब्रेकचा नाही, चाकाच्या बेअरिंगचा असावा. मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे वळताना आवाज वाढला तर आधी डावं बेअरिंग तपासा, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. टायर एका कडेला झिजलेले असतील तर तेही घुमतात, म्हणून खर्च करण्याआधी पुढची टायर मागे आणि मागची पुढे टाकून आवाज जागा बदलतो का ते पाहा.