ॲप घ्या, पण ट्रान्झिस्टर भंगारात नको

प्रश्न : दादा, आमचं घर गुहागर तालुक्यात खाली खलाटीला, मागे डोंगर. बाबांना सकाळी आकाशवाणी रत्नागिरी लागतेच, पण हल्ली रेडिओत नुसती घरघर. मुंबईचा भाऊ म्हणतो आता सगळं नेटवर आलंय, मोबाइलवर ॲप टाक आणि तो डबा भंगारात घाल. किती नेट खाईल? आणि खरंच घालू का भंगारात?

उत्तर : अहो थांबा, आधी घरघर कुठून येते ते तर बघा. रत्नागिरी केंद्र मीडियम वेव्हवर, म्हणजे रेडिओवरच्या एमडब्ल्यू पट्ट्यावर लागतं आणि त्याला जास्त त्रास घरातल्याच वस्तूंचा, स्वस्तातला एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर. मेन स्विच बंद करून रेडिओ सेलवर लावा, घरघर गेली तर चोर घरातच आहे. नाहीतर रेडिओ जागच्या जागी फिरवून बघा, मीडियम वेव्हचा अँटेना आत असतो, फेराइटची कांडी, ती दिशा धरते. वरची दांडी कितीही ओढा, ती एफएमसाठी. आणि एफएमला मध्ये डोंगर आला की संपलं, तुमच्याकडे ते धड लागणं कठीणच.

ॲप टाकून द्याच पण. प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर फुकट आहे, रत्नागिरी, अस्मिता वाहिनी, विविध भारती सगळं स्वच्छ ऐकू येतं. 64 केबीपीएसचं (सेकंदाला 64 किलोबिट) स्ट्रीम तासाला साधारण 29 एमबी खातं, म्हणजे बाबांनी रोज तीन तास ऐकलं तरी शंभरच्या आत, घरातली पोरं रील्स बघून त्याच्या कितीतरी पट उडवत असतील.

फक्त 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा, दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, टॉवर गप्प, मोबाइल चार्ज करणार कुठे? नेटवर ऐकायचं तर टॉवर, फायबर, वीज सगळं धड पाहिजे. प्रक्षेपणाला केंद्र चालू आणि तुमच्याकडे सेल, बस. नॉर्वेनं 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं हे भाऊ सांगेलच, पण ते नेटवर नाही गेले, डीएबी नावाच्या डिजिटल प्रक्षेपणावर गेले, म्हणजे हवेतूनच की!

प्रश्न : मॅचची कॉमेंट्री ॲपवर मागे का असते? शेजारी रेडिओवर विकेट पडून लोक ओरडतात आणि आमचा बॉलर अजून रनअपवर.

उत्तर : आवाजाचे तुकडे करून पाठवतात, मोबाइल थोडे साठवतो मग वाजवतो. उपाय नाही, शेजाऱ्याकडे जाऊन बसा.

प्रश्न : मी हर्णैचा, होडीवर ॲप चालेल का?

उत्तर : किनाऱ्यालगत चालेल, आत गेलात की टॉवर सुटतो. मीडियम वेव्ह खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा लांब जाते, तेव्हा रेडिओ सोबत असूच दे. खोल पाण्यात जात असाल तर इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या जेमिनी यंत्राची चौकशी करा, ते उपग्रहावरून इशारे घेऊन ब्लूटूथनं तुमच्या मोबाइलवर दाखवतं, त्याला टॉवरची गरज नाही.