'डाव येणे' आणि 'डाव बसणे'

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मुलांना ज्युदो शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी विचारले आहे की, वर्गाचे मराठी माहितीपत्रक लिहिताना 'टेक्निक' या शब्दासाठी 'तंत्र' लिहावे की तालमीतला 'डाव' हा शब्द घ्यावा. शिवाय पत्रकाच्या माथ्यावर 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' ही म्हण शोभेल का. शिकवण्यात कशाला किती जागा द्यायची, हे या निवडीतून विद्यार्थ्यांना आपोआप कळत असते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

डाव मोजता येतात. एकेरी पट, ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग हे डाव आहेत, आणि अमुक पैलवानाला किती डाव येतात हे सांगता येते. 'तंत्र' मात्र मोजले जात नाही. 'तिची फलंदाजी तंत्रशुद्ध आहे' असे आपण सहज म्हणतो. 'तिला बारा तंत्रे येतात' हे वाक्य कानाला खटकते. उभे राहण्याची ठेवण, पायांची चाल, तोल, पकड कुठे आणि कशी असावी, अशी सगळ्या डावांच्या मुळाशी असलेली शरीराची शिस्त म्हणजे तंत्र. इंग्रजी शब्द दोन्ही अर्थांनी वापरता येतो, त्यामुळे भाषांतर करताना गोंधळ उडतो. ज्युदोतील एकेका फेकीला किंवा पकडीला 'डाव' म्हणावे, तो करण्याच्या रीतीला 'तंत्र'. कराटेतल्या ठोशाला किंवा लाथेला मात्र डाव म्हणू नये. दांडपट्टा आणि लाठी यांच्या परंपरेत त्यासाठी 'वार' आणि 'हात' हे शब्द आहेतच, 'लाठीचे हात' शिकवले जातात.

खरी मौज क्रियापदांत आहे. तालमीत 'मला ढाक येते' असे म्हणतात, आणि मैदानानंतर 'आज ढाक बसलीच नाही' असेही म्हणतात. येणे आणि बसणे यांत जे अंतर आहे, तेच तंत्राचे सामर्थ्य आणि तीच त्याची मर्यादा. एकेरी पटाचे उदाहरण घेऊ. शिकताना जोडीदार पुढचा पाय स्थिर ठेवून उभा असतो. शिकणारा खाली जातो, डोके त्याच्या बरगडीला लावतो, दोन्ही हातांनी पाय उचलतो आणि डाव 'येतो'. लढतीत तोच जोडीदार पाय झटकन मागे टाकतो आणि छातीचा सगळा भार मानेवर देतो. आता पकडीची जागा ठाऊक असून भागत नाही: त्याचे वजन पुढच्या पायावर केव्हा येणार हे आधी ओळखावे लागते, मान आणि कंबर तो भार पेलण्याइतकी तयार असावी लागते, आणि एवढ्यातच दम संपून चालत नाही. यांतले काही कमी पडले की डाव 'उलटतो'.

येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा या भागात कुस्तीचे मैदान पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. आपल्याकडे मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच मातीत लढतात. कन्नडमध्ये डावाला 'पट्टु' म्हणतात, आणि हट्टाने धरून राहण्यालाही तोच शब्द चालतो. मला तो अर्थविस्तार फार समर्पक वाटतो.

डावाचे मोल नियमांवरही ठरते. गादीवरच्या कुस्तीत पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले की दोन गुण मिळतात. मातीवरच्या निकाली कुस्तीत त्याच डावाने फक्त ताबा मिळतो. पुढे त्याला चीत करेपर्यंत कुस्ती संपत नाही आणि तेथे दमसासाची कसोटी लागते. खाशाबा जाधव मातीत तयार झालेले, ढाकेसाठी प्रसिद्ध असलेले मल्ल होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढून ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले.

ज्युदोचा स्वतःचा इतिहासही या प्रश्नाला धरूनच आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही आपली शाळा स्थापन करताना 'जुजुत्सु' या जुन्या जपानी युद्धकलेच्या नावातील 'जुत्सु', म्हणजे कला किंवा तंत्र, हा शब्द बाजूला ठेवून 'दो', म्हणजे मार्ग, हा शब्द स्वीकारला. घातक डाव त्यांनी 'काता'पुरते, म्हणजे ठरलेल्या आकृतिबंधापुरते ठेवले आणि उरलेल्यांचा सराव 'रांदोरी'त, मोकळ्या लढतीत, पूर्ण जोराने करून घेतला. जो डाव विरोध करणाऱ्या माणसावर रोज करून पाहता येतो तो अंगी बाणतो, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या तालमीतली रोजची लढत हेच काम करते.

उरला मेहनतीचा भाग. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या व्यायामाचे भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम असे प्रकार सांगितले आहेत. वजन उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरची कसरत, प्रत्येकाच्या नावात 'श्रम' आहे. तालमीतही जोर, बैठका आणि जोडी (लाकडी मुद्गल) फिरवणे याला कोणी डाव म्हणत नाही, ती 'मेहनत'.

म्हणून ती म्हण पत्रकावर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणीतली युक्ती प्रसंगी सुचते आणि एकदा सुचली की काम होते. डाव असा सुचत नाही, तो घोटावा लागतो. शिवाय कानो यांचे 'सेइर्योकु झेन्यो' हे सूत्र शक्तीचा उत्तम उपयोग करण्याविषयी आहे, ते शक्तीला कमी लेखत नाही. पत्रकात असे लिहिता येईल: 'वर्गात ज्युदोचे डाव तंत्रशुद्ध पद्धतीने शिकवले जातील, रोज मेहनत आणि लढत करून घेतली जाईल.' जागा कमी पडली तर 'तंत्रशुद्ध पद्धतीने' हे शब्द गाळावेत, 'लढत' गाळू नये.