कोविडकाळात राबलेले पदवीधर, त्यांचे पीआर आणि तुमची बी.फार्म. पदवी

तुम्ही लिहिता की नाशिकला बी.फार्म. झाल्यावर तीन वर्षे औषधालयात काम केले, आता यजमानांसह कॅनडातील ओंटारिओ प्रांतात यायचा विचार आहे, आणि एजंटाने पर्सनल सपोर्ट वर्करचा (पीएसडब्ल्यू, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा मदतनीस) छोटा कोर्स सुचवला आहे. त्याचे म्हणणे असे की कोविडच्या वेळी वृद्धांच्या केंद्रात आणि किराणा दुकानांत काम केलेल्या पदवीधरांना जसे झटपट पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा दर्जा, मिळाले, तसे तुम्हालाही मिळेल. हे खरे आहे का, आणि पदवी असताना असले काम करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

ज्या योजनेचा तो दाखला देतो आहे ती ५ नोव्हेंबर २०२१ रोजी बंद झाली. मी त्याच योजनेतून पीआर झाले, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. ती का आली हे कळले, तर आज तिच्या नावावर स्वप्ने विकणाऱ्याला काय उत्तर द्यायचे हेही तुम्हाला कळेल.

कॅनडाने २०२१ साठी ४,०१,००० नव्या कायम रहिवाशांचे उद्दिष्ट ठेवले होते. सीमा जवळपास बंद होत्या, बाहेरून माणसे येऊ शकत नव्हती, त्यामुळे देशात आधीच तात्पुरत्या परमिटवर असलेल्यांकडे सरकार वळले. १४ एप्रिल २०२१ रोजी घोषणा झाली आणि ६ मे रोजी अर्ज सुरू झाले. एकूण ९०,००० जागा होत्या: २०,००० आरोग्यसेवेतील कामगारांसाठी, ३०,००० इतर अत्यावश्यक कामांसाठी आणि ४०,००० कॅनडात शिकून अलीकडे पदवी किंवा पदविका घेतलेल्यांसाठी. अत्यावश्यक कामांच्या यादीत दुकानातील कॅशियर आणि सफाई कामगारही होते. पदवीधरांच्या ४०,००० जागा साधारण एका दिवसात संपल्या, तर आरोग्यसेवेचा गट शेवटपर्यंत भरलाच नाही. आमच्यासारख्या मराठी मुलामुलींनी ते अर्ज भरले तेव्हा भारतात दुसरी लाट होती आणि २२ एप्रिलपासून कॅनडाने भारतातून येणारी थेट विमाने थांबवली होती. एका खिडकीत अर्जाची कागदपत्रे चढवायची आणि दुसरीकडे फोनवर कोल्हापूरच्या नातेवाइकांसाठी ऑक्सिजनची खाट कुठे मिळेल हे विचारत राहायचे, अशा अवस्थेत आम्ही पीआर मागितले. ‘झटपट’ हा शब्द त्या दिवसांना लावू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यामागचे वर्षभराचे कामही तुम्हाला माहीत असायला हवे. शिवाजी विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी २०१८ मध्ये इथे आले आणि कॉलेजचा अभ्यासक्रम संपला तो नेमका २०२० च्या वसंतात, जेव्हा प्रयोगशाळांची भरती थांबली होती. विद्यार्थ्यांवर असलेली आठवड्याला २० तासांच्या कामाची मर्यादा सरकारने २२ एप्रिल २०२० रोजी अत्यावश्यक सेवांपुरती उठवली, आणि ज्यांच्या घरी फीचे कर्ज होते ते सगळे गोदामे, किराणा दुकाने आणि वृद्धांची शुश्रूषागृहे यांकडे गेले. माझ्यासोबत गल्ल्यावर उभी असणारी मुले अभियंते होती, वाणिज्य पदवीधर होती, एक दंतवैद्य होती. मोठ्या किराणा साखळ्यांनी मार्चमध्ये तासाला दोन डॉलर जास्त द्यायला सुरुवात केली आणि जूनमध्ये ते बंद केले. साथ जूनमध्ये संपली नव्हती, हे तुम्ही जाणताच.

नंतर मी एका शुश्रूषागृहात मदतनीस झाले. वृद्धांच्या या संस्थांची स्थिती तेव्हा भयंकर होती. कॅनडात पहिल्या लाटेत कोविडने झालेल्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक तिथले होते, आणि एकट्या ओंटारिओत एप्रिल २०२१ च्या अखेरीपर्यंत जवळपास ४,००० रहिवासी गेले. जुन्या इमारतींत एका खोलीत चार खाटा होत्या. पीएसडब्ल्यूंना पूर्णवेळ नोकरी मिळत नसल्याने त्या दोन-तीन ठिकाणी अर्धवेळ राबत आणि नकळत विषाणूही इकडून तिकडे जाई, म्हणून एप्रिल २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याने एकाच गृहात काम करावे असा आदेश काढावा लागला. मनुष्यबळ इतके अपुरे पडले की काही गृहांत लष्कराची वैद्यकीय पथके पाठवावी लागली. प्रमाणपत्र नसलेल्यांनाही मदतनीस म्हणून घेण्याची मुभा प्रांतिक सरकारने दिली, आणि त्या मुभेतून माझ्यासारखे लोक आत आले.

आत गेल्यावर पहिले काम म्हणजे एन-९५ मास्कची चाचणी. डोक्यावर पारदर्शक टोपडे चढवून आत कडू फवारा मारतात; जिभेला कडू लागले तर मास्क नीट बसलेला नाही. मग जेवणाचे ताट. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेल्यांना साधे पाणी देता येत नाही, कारण ते श्वासनलिकेत उतरते. पाण्यात पावडर कालवून ते मधाइतके दाट करायचे, आजींना सरळ बसवायचे, अर्धा चमचा द्यायचा, गळा हलला की नाही ते पाहायचे आणि मगच पुढचा चमचा. मास्क आणि प्लास्टिकची ढाल यांमुळे माझा चेहरा त्यांना दिसत नसे, म्हणून प्रत्येक चमच्याआधी मी नाव सांगत असे. भेटी बंद होत्या. दुपारी टॅबलेट धरून उभे राहायचे; पलीकडून मुलगी बोलायची, आजी तिच्याकडे पाहत राहायच्या, आणि हात भरून आला तरी तो खाली घेववत नसे. जीवरसायनशास्त्राची पदवी तिथे कोणी विचारली नाही, पण एखाद्याचे लघवीचे प्रमाण घटले आहे किंवा कालपेक्षा आज गोंधळ वाढला आहे, हे परिचारिकेला वेळेत आणि नेमक्या शब्दांत सांगता येत होते ते त्या शिक्षणामुळेच, याविषयी मला शंका नाही.

तुमच्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगते. मार्च २०२१ च्या सुरुवातीला कॅनडात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे ५,००,००० डोस आले आणि ओंटारिओने त्यातले आपल्या वाट्याचे डोस टोरोंटो, किंग्स्टन आणि विंडसर भागांतील औषधालयांतून द्यायला सुरुवात केली. माझी एक नागपूरची मैत्रीण, तुमच्यासारखीच बी.फार्म., तेव्हा अशाच एका औषधालयात साहाय्यक होती. पुण्यात बनलेल्या कुप्या फ्रीजमध्ये, दारात रांग, फोन सतत वाजतो आहे, आणि पुण्यातच लसनिर्मितीचे प्रशिक्षण घेतलेली ही मुलगी फक्त नावे नोंदवते आहे, कारण लस टोचायचा परवाना तिच्याकडे नव्हता. तिने ते काम मनापासून केले. पण देशाला माणसांची सर्वांत जास्त गरज होती त्या महिन्यांतही तिची पदवी कुलूपबंद राहिली, आणि पीआर मिळाल्यावरही ते कुलूप आपोआप उघडले नाही. परवाना आणि पीआर या दोन वेगळ्या वाटा आहेत. तुमच्या एजंटाने त्या एकत्र करून सांगितल्या आहेत, त्याचा मला राग येतो.

आता आजच्या नियमांकडे येऊ. पीएसडब्ल्यूचा कोर्स साधारण दोन सत्रांचा असतो, आणि दोन वर्षांहून लहान अशा प्रमाणपत्राच्या किंवा पदविकेच्या कोर्सनंतर मिळणाऱ्या वर्क परमिटची मुदत कोर्सइतकीच असते. कॅनडातील अनुभवावर एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करणाऱ्या सरकारी पद्धतीत, जायचे तर पूर्ण एक वर्षाचे, म्हणजे १,५६० तासांचे, काम दाखवावे लागते आणि पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेले तास त्यात धरत नाहीत. हे गणित बसत नाही, ते तुम्हीच मांडून पाहा. बहुतेक खासगी कॉलेजांच्या कोर्सनंतर तर असे परमिटच मिळत नाही. शिवाय शुश्रूषागृहासारख्या संस्थेत केलेले साहाय्यकाचे काम एक्स्प्रेस एंट्रीला चालते, पण तेच प्रमाणपत्र घेऊन लोकांच्या घरी जाऊन केलेली शुश्रूषा वेगळ्या, खालच्या श्रेणीत मोडते आणि तिथे चालत नाही. २०२१ मध्ये पीआर मिळवून देणारे कॅशियरचे काम तर आज त्या हिशेबात शून्य आहे. यजमानांचाही विचार करा: २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुले वर्क परमिट मिळते ते मुख्यतः किमान सोळा महिन्यांची मास्टर्स, पीएच.डी. आणि काही ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रम यांसाठीच. पीएसडब्ल्यूच्या कोर्सवर तुम्ही याल, पण त्याच्या आधारे त्यांना इथे कामाचे परमिट मिळणार नाही. स्टडी परमिटसाठी खात्यात दाखवायची रक्कमही जानेवारी २०२४ मध्ये १०,००० वरून २०,६३५ डॉलरवर गेली आणि त्यानंतर पुन्हा वाढली आहे.

तुमच्या जागी मी असते तर नाशिक न सोडता फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडे, म्हणजे पीईबीसीकडे, कागदपत्रांच्या मूल्यांकनाचा अर्ज केला असता. परवान्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ती एक आहे. तिच्यानंतर मूल्यमापन परीक्षा, मग दोन भागांची पात्रता परीक्षा आणि शेवटी प्रांताच्या नियामक मंडळाच्या अटी येतात. फार्मासिस्ट म्हणून एक्स्प्रेस एंट्रीत अर्ज करायचा असेल तर शैक्षणिक मूल्यांकनही पीईबीसीचेच लागते, त्यामुळे हा खर्च दोन्ही वाटांना उपयोगी पडतो. तुमचा तीन वर्षांचा भारतातील अनुभव, फार्मासिस्टच्या कामाचा म्हणून नीट सिद्ध करता आला, तर कॅनडात पाऊल न ठेवताही मोजला जातो. गुण पुरतील का हे तुमच्या वयावर, इंग्रजीच्या चाचणीवर आणि यजमानांच्या शिक्षणावर ठरेल. इंग्रजीचे गुण वाढवण्यावर घातलेले सहा महिने मला कोणत्याही कोर्सच्या फीपेक्षा मोलाचे वाटतात.

पदवीधराने हे काम करावे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नामागे एक संकोच आहे, तो मी ओळखते, कारण माझ्या घरीही तो होता. कोणाला भरवणे, कोणाचे अंग पुसणे हे कमी दर्जाचे काम नाही; ते करताना मी जे शिकले ते मला आयुष्यभर पुरेल. माझा आक्षेप वेगळा आहे. सरकारने २०२० मध्ये आमची स्तुती केली, चार महिने तासाला चार डॉलर जास्त दिले, आणि ते ऑगस्टमध्ये थांबवले. पीएसडब्ल्यूंच्या वेतनात कायमची तीन डॉलरांची वाढ व्हायला २०२२ उजाडले. ज्या कामाचा मोबदला आणि सुरक्षितता लाट ओसरताच आटते, त्यात यायचे तर ते काम हवे म्हणून या. पीआरचा आडरस्ता म्हणून आलात तर रस्ता मध्येच बंद झाल्यावर काम आणि वर्षे दोन्ही ओझे होतील. तुमच्या पत्रात वृद्धांच्या सेवेची ओढ मला कुठे दिसली नाही. औषधांविषयी मात्र तुम्ही आत्मीयतेने लिहिले आहे.

तरीही स्टडी परमिटवरच यायचे ठरले, तर वैद्यकीय तपासणी अर्जासोबतच करून घ्या. ती नसेल तर परमिटवर आरोग्यसेवेत काम करण्यास मनाई असल्याची अट छापून येते आणि औषधालयातील साहाय्यकाची साधी नोकरीही अडू शकते. विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी तिथे असतानाच मागवा. इथून त्यासाठी कोणाला तरी खेटे घालायला लावावे लागतात. मालकाकडून अनुभवाचे पत्र घेताना पदनाम, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामांची यादी त्यात लिहून घ्या. पीईबीसीचा अर्ज भरताना अडलात तर कळवा, माझ्या नागपूरच्या मैत्रिणीला विचारून सांगेन; ती आता परवानाधारक आहे.